बाबांच्या डोक्यातलं तांबं

बाबांनी आईचं मनगट मोडलं तेव्हा मी स्वयंपाकघरात चहा गाळत होते. आधी बाहेरच्या खोलीत खुर्ची पडली. मग आईचा आवाज आला, ओरडण्याआधी माणूस श्वास आत ओढतो तेवढाच. मी गाळणं टाकून धावले. बाबांनी आईचा उजवा हात दोन्ही हातांनी धरला होता आणि ते तिला फरशीवरून दाराकडे फरफटत नेत होते. तिचा अंबाडा सुटला होता, पदर बाबांच्या पायाखाली आला होता. डाव्या हाताने तिने दिवाणाचा पाय गच्च धरून ठेवला होता. ती सोडत नाही म्हटल्यावर बाबांनी जोरात हिसका दिला आणि मनगटातून कट्कन आवाज आला. तो मला दारातून स्पष्ट ऐकू आला.

मी मध्ये पडले. बाबांचं कोपर माझ्या तोंडावर बसलं, ओठ फुटला. मग जसं सुरू झालं तसंच ते थांबलं. बाबा दारापाशी धापा टाकत उभे राहिले. पडलेली खुर्ची त्यांनी उचलून नीट ठेवली, तिच्यावर बसले आणि मला म्हणाले, "चहा झाला का गं?"

दवाखान्यात आईने सांगितलं, मोरीत घसरले. प्लॅस्टर घालणाऱ्या डॉक्टरांनी माझ्या ओठाकडे पाहिलं. "आणि या पण घसरल्या का?" त्यांनी विचारलं. आई म्हणाली, "व्हय, मला धरायला आली नि पडली." ते परत प्लॅस्टरकडे वळले.

माझे बाबा मूळचे घिवलीचे. आजोबांची मासेमारीची बोट होती, पण बाबांना समुद्र कधी मानवला नाही. होडी किनाऱ्यापासून जरा आत गेली की त्यांना उलट्या सुरू व्हायच्या आणि बोटीवरचे लोक हसायचे. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत कारखाने उभे राहत होते तेव्हा ते घर सोडून बोईसरला आले आणि प्लेटिंगच्या कारखान्यात लागले. लोखंडी सामानावर तांब्याचा आणि जस्ताचा मुलामा चढवायचं काम. निवृत्त होईपर्यंत ते तिथेच होते. तांब्याच्या टाकीतलं पाणी निळंशार असतं. बाबांचे रबरी हातमोजे नेहमी फाटके असायचे आणि नखांच्या कडा कायम हिरवट. आई चिंच लावून त्यांची बोटं घासायची आणि म्हणायची, "आधी धुवा, मग माशाला हात लावा." आम्हाला मार मिळाला तो आईचा. बाबांनी मला किंवा दादाला कधी बोट लावलं नाही. सालवडच्या चाळीत पलीकडच्या खोलीत नवरा-बायकोची मारामारी लागली की बाबा रेडिओ मोठा करायचे आणि मान खाली घालून बसायचे.

म्हणून सुरुवातीला आम्हाला काही सुधरलंच नाही. बाबांचं विसरणं आम्ही चालवून घेतलं होतं. सरावलीत आम्ही तळमजल्यावर फ्लॅट घेतला होता. तिथून दूध आणायला गेलेले बाबा कुठल्या तरी भलत्याच इमारतीच्या जिन्यात बसलेले सापडायचे. त्याची सवय झाली. मारण्याची होत नाही. त्यांनी उकळत्या डाळीचं पातेलं भिंतीवर फेकलं. शेजारच्या काकूंच्या दंडाला चावले. एकदा मी त्यांच्या पायात मोजे घालत होते, तर त्यांनी माझा गळा धरला. सत्तरी ओलांडलेल्या माणसाच्या हातात एवढं बळ येतं कुठून, हे मला श्वास कोंडलेला असतानाही वाटून गेलं. मी पालघरला ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. नवऱ्याची नोकरी लांब, म्हणून तेव्हा आईवडिलांकडेच राहत होते. गळ्यावरचे वळ झाकायला मी भर उन्हाळ्यात ओढणी गुंडाळून वर्गात गेले.

मनगट मोडलं त्याच आठवड्यात दादा आणि मी बाबांना घेऊन पालघरला मेंदूच्या डॉक्टरांकडे गेलो. त्या बाई शांत होत्या. बाबा टेबलावरचा कागद चुरगळत होते, तो त्यांनी चुरगळू दिला. मेंदूचा फोटो आमच्यापुढे धरून, कुठला भाग आकसलाय ते दाखवलं. दादाने विचारलं, "पण हा आजार होतो कशानं?"

"मेंदूत एका प्रथिनाचे बारीक तुकडे तयार होत असतात, सगळ्यांच्याच," त्या म्हणाल्या. "एरवी ते वाहून जातात. या आजारात साचतात, एकमेकांना चिकटतात, त्यांच्या गुठळ्या होतात. तपासलं तर त्या गुठळ्यांमध्ये तांबं, जस्त, लोह असे धातू सापडतात."

दादा खुर्चीतून पुढे सरकला. तो स्वतः एका कारखान्यात ऑपरेटर आहे. बाबा निवृत्त झाले तेव्हा आपल्याच कारखान्यात त्याला चिकटवण्यासाठी त्यांनी खटपट केली होती, पण दादा प्लेटिंगला गेला नाही. "तांबं?" तो म्हणाला. "आख्खा जन्म याचे हात तांब्याच्या पाण्यात होते."

"थांबा. हे धातू मेंदूला लागतातच. पेशी एकमेकींना निरोप देतात तेव्हा जस्त बाहेर सोडलं जातं. ते या तुकड्यांना धरून ठेवतं आणि मग ते पटकन गोळा होतात. तांबं आणि लोह गुठळीत अडकलं की आसपासच्या पेशींना इजा करत राहतं. इथपर्यंत बरंच कळलंय. पण धातूमुळे गुठळी झाली, की गुठळी झाल्यावर धातू तिच्यात अडकला, हे आज कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. आणि हाताला लागलेलं तांबं उठून मेंदूत जात नाही. शरीर त्यावर राखण ठेवतं."

"आणि वाफ? तो धूर नाकातनं आत गेला त्याचं काय?"

"त्याचा अभ्यास चालू आहे. तुमच्या वडिलांचं कामामुळे झालं, असं मी म्हणणार नाही. अजिबात नाही, असंही म्हणता येणार नाही."

"मग ते तांबं बाहेर काढता येत नाय?"

"धातू धरून ठेवणारी औषधं देऊन पाहिली आहेत. वाटलं होतं तसा गुण आलेला नाही."

बाई जेवढं ठाऊक होतं तेवढंच बोलल्या. पण दादाने त्यातलं अर्धंच घरी आणलं. दुसऱ्या दिवशी त्याने आईच्या स्वयंपाकघरातली जर्मनची पातेली, तांब्याची कळशी, बंब, पितळी डबे, सगळं गोणीत भरलं. आई प्लॅस्टरचा हात सावरत आडवी आली. "पातेली काय करतात तुझं?" तो ऐकेना तेव्हा तिने ओट्यावरचा झारा उचलून त्याच्या पाठीत घातला, एकदा, मग परत. झारा वाकला. दादाने मार खाल्ला आणि गोणी उचलून नेली. बाबा दारात उभे राहून ते सगळं बघत होते. "भांडू नका रे," ते म्हणाले. तो आवाज माझ्या लहानपणीच्या बाबांचा होता.

त्या आठवड्यात कॉलेजात प्रॅक्टिकलला नेमका तांब्याचा क्षार ओळखायचा होता. परीक्षानळीतल्या निळ्या पाण्यात अमोनियाचे थेंब टाकले की फिकट निळा साका होतो, आणखी टाकलं की तो विरघळतो आणि पाणी गर्द निळं, स्वच्छ होतं. वर्षानुवर्षं मी ते मुलांकडून करून घेतलंय. एका मुलीने साका झालेली नळी माझ्यापुढे धरली. "मॅडम, अजून टाकू?" मी तिच्याकडे बघतच राहिले. तिला वाटलं तिचं काहीतरी चुकलं. मला त्या नळीत जे दिसत होतं ते तिला सांगण्यासारखं नव्हतं. काचेतल्या पाण्यात थेंब टाकून साका घालवता येतो. माणसाच्या डोक्याचं तसं नाही हे मला ठाऊक होतं, आणि ते ठाऊक असण्याचा घरी कोणाला काडीचा उपयोग नव्हता.

दादा रोज कामावरून सुटला की सालवडला स्वतःच्या घरी जायच्या आधी आमच्याकडे यायचा आणि बाबांना आंघोळ घालायचा. एकदा साबण डोळ्यात गेला म्हणून बाबांनी पितळी तांब्या उचलून त्याच्या कपाळावर हाणला. तो तांब्या आईने गोणीतून काढून लपवून ठेवला होता. दादाच्या भुवईतून रक्त आलं. पुढचं एका क्षणात झालं. दादाने बाबांच्या थोबाडीत मारली. ओल्या अंगावर चापट बसते तिचा आवाज फार मोठा असतो. बाबा मोरीच्या कोपऱ्यात बसले आणि दोन्ही हात डोक्यावर घेऊन म्हणाले, "साहेब, मारू नका, पाळी भरतो मी."

दादा बाहेर आला. त्याला शर्टाची बटणं लावता येईनात. मी लावली.

बोईसरच्या बाजारात एका माडीवर शरीरातले जड धातू बाहेर काढून देण्याचं दुकान होतं. ते चालवणाऱ्याला लोक डॉक्टर म्हणायचे, खरा होता की नव्हता ते पुढे कळलंच. दादा बाबांना तिकडे घेऊन गेला तेव्हा मी कॉलेजात होते. आईने विचारलं तर म्हणाला, ताकदीची सलाईन लावून आणतो. पहिली बाटली बाबांनी मुकाट्याने घेतली. तीन-चार दिवसांनी दुसरीला नेलं तेव्हा ते झटापट करायला लागले. म्हणून दादाने आणि तिथल्या माणसाने त्यांचे हात-पाय कापडाच्या पट्ट्यांनी खाटेला बांधले. बाबा आधी शिव्या देत होते. मग नुसते कण्हायला लागले. दादाला वाटलं दमले. मग त्याने पाहिलं की बाबांची बोटं आत वळून ताठ झाली आहेत आणि जबडा घट्ट मिटलाय. पुढच्या क्षणी सगळं अंग खाटेवर आपटायला लागलं. बांधलेल्या पट्ट्या मनगटात रुतल्या. तिथला माणूस म्हणाला, "घाण बाहेर पडतेय, होऊ दे." दादाने सलाईनची नळी उपटून काढली, पट्ट्या दातांनी सोडवल्या आणि बाबांना खांद्यावर टाकून जिना उतरला.

मी हॉस्पिटलात पोचले तेव्हा बाबांना आत घेतलं होतं. शिरेतून कॅल्शियम चालू केलं होतं. तिथले डॉक्टर माझ्या वयाचे असतील. रागाने त्यांचा चेहरा लाल झाला होता. "शिसं अंगात गेलेल्या माणसाला या जातीचं औषध देतात. तेसुद्धा योग्य प्रकारातलं, मोजून, हॉस्पिटलात. यांनी दिलंय ते भलतंच. त्याने रक्तातलं कॅल्शियम ओढून घेतलं. अजून थोडा उशीर झाला असता तर हृदय बंद पडलं असतं. तांबं काढायला गेले होते म्हणे."

दादा भिंतीला टेकून हे सगळं ऐकत होता. डॉक्टर आत गेले तसा तो निघाला. मी हाक मारली, पण तो थांबला नाही.

त्या माडीवर त्याने काय केलं ते मला नंतर पोलिसांकडून कळलं. सलाईन अडकवायचा लोखंडी स्टँड उचलून त्याने काचेचं कपाट फोडलं, टेबल फोडलं, नावाची पाटी फोडली. मग स्टँड टाकून हातांनी सुरू झाला. त्या माणसाचं नाक मोडलं, पुढचे दात पडले. खालच्या दुकानातल्या लोकांनी वर येऊन दादाला ओढलं तेव्हा तो त्याच्या छातीवर बसलेला होता.

पोलीस स्टेशनात बाकावर बसलेला दादा मला लहान दिसला. काचेने कापलेल्या हाताला रुमाल गुंडाळला होता, तो भिजून काळा पडला होता.

"कशाला नेलंस त्यांना?" मी विचारलं.

"मला परत त्याच्यावर हात उचलायचा नव्हता," तो म्हणाला. "वाटलं, तांबं निघालं की मारामारी बंद होईल."

मी त्याच्या शेजारी बसले.

"त्या डॉक्टरचा चष्मा फुटला तवाच थांबायला हवं होतं," तो म्हणाला. "मला कळत होतं. हातच थांबत नव्हते. बाबाला पण असंच होत असेल का गं?"



बाबा शुद्धीवर आले आणि पहिल्यापेक्षा जास्त मारू लागले. हॉस्पिटलात त्यांचे हात पलंगाच्या दांड्यांना बांधून ठेवावे लागले. एका दुपारी आई आणि मी त्यांच्याजवळ होतो. खाली अंगणात रुग्णवाहिका शिरली आणि तिचा भोंगा वाजायला लागला. बाबांनी डोळे उघडले. मान उचलून ते ओरडायला लागले. शब्द एरवी तुटक यायचे, आता ते सलग आले. "टाकी सोड. सोड ती टाकी. वलं फडकं लाव तोंडाला. वाक. वाक सांगतो ना, खाली धूर नाय." नर्स त्यांना दाबायला वाकली तर त्यांनी गुडघा तिच्या पोटात मारला. ती भिंतीवर आदळली. त्यांनी हात असे खेचले की पट्टी सुटून मनगटातून रक्त वाहायला लागलं. भोंगा बंद झाला तसे हळूहळू तेही थांबले.

मी नर्सला उठवत होते. आई मात्र जागची हलली नव्हती. प्लॅस्टरचा हात छातीशी धरून ती बाबांकडे बघत होती.

"भोंगा," ती म्हणाली. "बाय, तुझ्या ध्यानात आला का? माझा हात मोडला तवा दुपारच्या पाळीचा भोंगा नुकताच झाला होता. तुझा गळा धरला तवापण."

मग तिने मला कारखान्यातल्या आगीची गोष्ट सांगितली. मी शाळेत असतानाची. आगीबद्दल मला एवढंच ठाऊक होतं की कारखान्यात काहीतरी पेटलं होतं आणि बाबा भुवया जळून घरी आले होते. आईला ते एकदाच बोलले होते, ती त्यांना मलम लावत असताना. शेजारच्या खोलीत थिनरचं पिंप पेटलं आणि धूर प्लेटिंगच्या खोलीत भरला. भोंगा एकसारखा वाजत होता. टाकीवर दोघं जण होते, गोंधळून टाकीलाच धरून राहिलेले. बाबांनी एकाचे केस धरले आणि त्याला ओढत बाहेर आणलं. तो मारत होता, चावत होता, सुटायला बघत होता. बाबांनी सोडलं नाही. मग दुसऱ्यासाठी ते परत आत शिरले, पण तेवढ्यात छपराचे पत्रे खाली आले आणि त्यांनाच कोणीतरी मागून ओढून काढलं. दुसरा माणूस आतच राहिला.

"मला मारत नव्हते ते," आई म्हणाली. "मला बाहेर काढत होते. मी दिवाण धरून बसले."

ते ऐकून मला बरं वाटायला हवं होतं. मला राग आला. तिचा हात मोडला होता, माझा गळा सुजला होता, भाऊ पोलिसांत होता, आणि ती त्यांच्यासाठी रडत होती. मी तिला तसं बोलूनही गेले. ती म्हणाली, "तुला काय वाटायचं ते वाटू दे. घरी नेल्यावर भोंगा झाला की आपण त्यांच्या आधी बाहेर निगायचं. बघू तरी."

बाबा घरी आले त्याच्या दुसऱ्या दिवशी आई दुपारी जेवण उरकून चपला घालूनच बसली. मी सुट्टी घेतली होती. भोंगा झाला. सरावलीत राहणाऱ्या माणसाला तो ऐकूही येत नाही, इतका रोजचा. बाबा खुर्चीतून उठले, चेहरा पार बदललेला. त्यांनी आईचा दंड धरला, आणि आई लगेच उठली. "चला," ती म्हणाली, "मी येते. फडकं घेतलंय तोंडाला." तिने खरंच पदर नाकाला लावला होता. मीही ओढणी लावली. बाबांनी आम्हाला दारातून बाहेर ढकललं, जोरात, पण ढकललंच फक्त. गेटपर्यंत आम्ही वाकून चालत गेलो. समोरच्या बाल्कनीतून लोक बघत होते.

गेटबाहेर बाबांनी आमच्याकडे नीट निरखून पाहिलं. मग म्हणाले, "एक कमी हाय."

आणि ते वळले. घरात परत शिरायला निघाले. मी त्यांच्या कमरेला मिठी मारली. त्यांनी माझं डोकं धरून गेटच्या खांबावर आपटलं. डोळ्यापुढे अंधारी आली, कानामागून काहीतरी गरम ओघळलं. मी मिठी सोडली नाही. आई ओरडत होती, "कोणी राहिला नाय आत, अहो, कोणी नाय." ते ऐकत नव्हते. त्यांनी परत माझं डोकं धरलं.

दादा जामिनावर सुटला होता आणि त्याच वेळी मोटरसायकलवरून गल्लीत शिरत होता. त्याने हे पाहिलं, गाडी तशीच आडवी पडू दिली आणि धावत आमच्यापर्यंत आला. मला वाटलं, आता हा त्यांना मारणार. त्याने हात मागे बांधले. त्या माडीवरच्या दिवसापासून त्याला ती सवयच लागली होती. बाबांच्या समोर जाऊन तो म्हणाला, "बाबा, मी हाय. आलो मी बाहेर."

बाबांनी मला सोडलं. त्यांनी दादाच्या थोबाडीत मारली, मग दुसऱ्या गालावर. "कुठं मेला होतास?" ते म्हणाले. "हाका मारत होतो ना मी."

"ऐकू नाय आलं," दादा म्हणाला.

बाबांनी अजून एक मारली. मग दादाची हनुवटी धरून त्यांनी त्याचा चेहरा उजेडाकडे वळवला, भुवयांवरून अंगठा फिरवला, भाजलंय का ते बघितलं. स्वतःच्या सदऱ्याच्या टोकाने त्याचं तोंड पुसलं. आणि तिथेच गटाराच्या कठड्यावर बसून राहिले, पाळी सुटल्यावर माणसं बसतात तसे.

माझ्या कानामागे टाके पडले. पण त्यानंतर बाबांनी आईला कधी मारलं नाही. दादाने पाळी बदलून रात्रीची मागून घेतली. दुपारी भोंग्याच्या आधी तो येऊन गेटबाहेर उभा राहायचा. आम्ही बाहेर यायचो, बाबा बघायचे, दादा समोर यायचा, बाबा त्याला मारायचे, आणि ते संपायचं. दादाला यायला जमलं नाही तर आमच्या इमारतीचा बिहारी वॉचमन उभा राहायचा. आम्ही त्याला सगळं सांगितलं होतं. "चाचा, हम आ गये बाहर," तो म्हणायचा आणि डोळे मिटून गाल पुढे करायचा.

एका दुपारी भोंगा झाला आणि बाबा उठले नाहीत. आई चपला घालून दारात उभी होती. ते चादरीचं टोक बोटांत गुंडाळत राहिले. दुसऱ्या दिवशीही तसंच झालं. आग त्यांच्या डोक्यातून गेली होती, आणि तिच्याबरोबर उठणं, मारणं, बोलणं, सगळंच हळूहळू गेलं. मग त्यांना घास गिळायचाही विसर पडला. छातीत कफ भरून ते घरीच गेले, सकाळी, दादा त्यांचं तोंड पुसत असताना.

मी पालघरच्या त्या डॉक्टरबाईंना फोन केला. मेंदू तपासून तांब्याचं काही कळेल का, असं विचारलं. त्या म्हणाल्या, तशी सोय मोठ्या ठिकाणी होऊ शकते, पण तांबं सापडलं तरी ते कुठून आलं हे कोणी सांगणार नाही. दादा शेजारीच होता. त्याने फोन माझ्या हातातून काढून घेतला आणि बंद केला. "त्याला परत कोणी बांधायचा नाय नि कापायचा नाय," तो म्हणाला. मी त्याच्याशी भांडले. मयत घरात असताना आम्ही बहीणभाऊ एकमेकांच्या अंगावर धावून गेलो, आईने मधे येऊन दोघांना ढकललं. शेवटी त्याचंच झालं. ते तांबं होतं की नव्हतं, असलं तर टाकीतलं होतं की प्रत्येकाच्या डोक्यात असतं तेवढंच, हे मला आता कधी कळणार नाही. त्या माडीवरच्या माणसाचा बोर्ड उतरला, तो कुठे गेला कोणास ठाऊक. दादाची केस अजून चालू आहे.

बाबांना घिवलीला नेलं. बायका स्मशानात जात नाहीत, मी गेले, कोणी अडवलं नाही. चिता किनाऱ्यापासून थोडी आत होती आणि वारा खूप होता, त्यामुळे जाळ एका बाजूला लवत होता. लोक वाळूत उकिडवे बसून वाट बघत होते. कशाची, ते मला आवाज आल्यावर कळलं. डोक्याचं हाड फुटलं. दादाने दचकून दोन्ही हात कानांवर घेतले.

गावातला एक म्हातारा उठला, धोतर झटकलं. "झालं," तो म्हणाला. "चला रे, आता आंघोळी करा."

लोक पाण्याकडे चालायला लागले. दादा तिथेच उभा होता. मी त्याच्या दंडाला धरलं आणि त्याला समुद्राकडे घेऊन गेले.